फुसकारे मोजताना

इंजिनाचे काय बिघडले आहे, हे माझ्या बायकोने मला आधी कानांनी ऐकवले. तिने मागच्या रोटरचा एक स्पार्कप्लग काढला, पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद केली, मला चालकाच्या सीटवर बसवले आणि म्हणाली, "मी हात वर केला की चावी फिरव. बोलू नकोस, नुसतं ऐक." स्टार्टर घरघरला आणि प्लगच्या उघड्या भोकातून एक ठसठशीत फुसकारा बाहेर पडला. त्यानंतर दोन वेळा दम लागलेल्या माणसाच्या श्वासासारखा पोकळ आवाज आला आणि मग पुन्हा एक फुसकारा. तिने तो प्लग परत बसवला, पुढच्या रोटरचा काढला आणि पुन्हा हात वर केला. या वेळी फूस, फूस, फूस असे तीन सारखे फुसकारे, एखाद्या जुन्या शिवणयंत्राच्या लयीत, अखंड येत राहिले. ती बोनटवर दोन्ही हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मागचं गेलं."

गाडी म्हणजे माझदा आरएक्स-७, तिसऱ्या पिढीची, जिला जाणकार मंडळी नुसते 'एफडी' म्हणतात. ही पिढी १९९१ मध्ये आली आणि २००२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या इंजिनात वरखाली होणारे पिस्टन नसतात. फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसीच्या हिशेबाने एकूण १,३०८ सीसी, आपापल्या कवचात गरगरत असतात आणि त्यांच्या जोडीला इंजिनात जादा हवा कोंबणारे दोन टर्बो असतात. रोटरच्या तीन टोकांवर तीन पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना अपेक्स सील म्हणतात. कवचाच्या भिंतीला सतत घासत राहून एका कप्प्यातला दाब दुसऱ्या कप्प्यात जाऊ न देणे हे त्यांचे काम. एक सील तुटले की त्याच्या दोन्ही बाजूंचे कप्पे निकामी होतात, म्हणून तीन फुसकाऱ्यांपैकी एकच उरतो. हे सारे आज मी सहज लिहितो आहे. त्या दिवशी मला एवढेच कळले होते की, आमच्या ओळखीच्याही आधीपासून तिच्याजवळ असलेली वस्तू मोडली आहे आणि त्यात माझा थोडा हात आहे.

हात असा, की त्याआधी काही आठवड्यांपूर्वी तिने व्हॅक्यूमच्या नळ्या बदलायचा विषय काढला होता. या गाडीचे दोन टर्बो एकदम काम करत नाहीत. कमी फेऱ्यांवर पहिला एकटा जोर लावतो आणि मिनिटाला साधारण ४,५०० फेऱ्यांच्या आसपास दुसरा त्याला येऊन मिळतो. हा सांधेबदल घडवून आणायला इंजिनावर सोलेनॉइडांचा, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या छोट्या झडपांचा, एक गठ्ठा आणि पेन्सिलीपेक्षा बारीक अशा डझनावारी रबरी नळ्यांचे जाळे असते. इतक्या वर्षांच्या उष्णतेने त्या नळ्या वाळक्या काटक्यांसारख्या कडक झाल्या होत्या. "पुढच्या महिन्यात बघू," असे मी म्हणालो होतो, आणि ते म्हणताना मी वर्तमानपत्रातून डोकेही वर काढले नव्हते. त्यांपैकीच एक नळी एका चढावर निसटली, टर्बोचा दाब मर्यादेबाहेर गेला, हवा-पेट्रोलचे मिश्रण वेळेआधी पेटले आणि सील तुटले. तिने मला कधीही दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते असे मला कित्येकदा वाटले.

इंजिन स्वतः खोलायचे आणि स्वतःच बांधायचे, हा निर्णय तिचा. तो तिने मला विचारून घेतला नाही, सांगून घेतला, आणि माझ्या मते तेच योग्य होते. सुरुवातीला मी ज्याला पाठिंबा समजत होतो, तो प्रत्यक्षात प्रश्नांचा भडिमार होता. कधी होईल, जमेल ना, कोणा अनुभवी माणसाला दाखवायचे का, आणि सगळ्यात वाईट म्हणजे, "मी काही करू का?" हा शेवटचा प्रश्न ऐकायला फार सोज्वळ वाटतो. पण ज्याला कामाची ओळख नाही त्याने तो विचारला, की समोरच्या माणसाला स्वतःचे काम थांबवून याच्यासाठी काम शोधत बसावे लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "तू विचारू नकोस. तू इथे बस. लागलं की मी सांगेन." मी प्लॅस्टिकच्या एका उलट्या बादलीवर बसलो. पुढच्या चौदा महिन्यांतला बराच काळ मी त्या बादलीवर काढला.

पैशांचा प्रश्न आम्ही लवकर मिटवला. दरमहा ठरलेली एक रक्कम गाडीसाठी बाजूला पडेल, उरली तर ती पुढच्या महिन्यात जाईल आणि संपली तर काम थांबेल, एवढाच नियम आम्ही केला. ठरलेल्या रकमेच्या आत तिने काय आणले हे मी विचारायचे नाही आणि रकमेबाहेर काही लागले तर तिने लपवायचे नाही. हा नियम दोनदा मोडला, दोन्ही वेळा टर्बोसाठी. तुटलेल्या सीलचे तुकडे एक्झॉस्टच्या वाटेने बाहेर पडताना टर्बोच्या पात्यांवर आदळतात आणि त्यांच्या कडा उडवतात. त्या पात्यांच्या कडा तिने मला टॉर्चखाली दाखवल्या, तेव्हा मी निमूटपणे होकार दिला.

माझे पहिले खरे काम ठरले ते लेबले लिहिण्याचे. माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा आहे. स्वल्पविराम कुठे हरवला आणि कोणता ऱ्हस्व दीर्घ झाला, यावर माझे घर चालते. नळ्यांचे ते जाळे उतरवायची वेळ आली, तेव्हा तिने पुस्तिकेतली आकृती माझ्यासमोर धरली आणि विचारले, "हे तुझ्या पद्धतीने लिहून काढता येईल का?" मग आम्ही बसलो. ती एक टोक धरायची, ते कुठून निघते आणि कुठे जाते ते सांगायची आणि मी दोन्ही टोकांना कापडी चिकटपट्टीचे छोटे झेंडे लावायचो. प्रत्येक झेंड्यावर एक क्रमांक असायचा आणि वहीत त्या क्रमांकापुढे पूर्ण वाक्य. "पुढच्या बाजूने तिसऱ्या सोलेनॉइडच्या खालच्या तोटीपासून निघून हवा आत नेणाऱ्या नळाच्या मागच्या तोटीकडे जाते, वाटेत एकदिशा झडप आहे, तिची काळी बाजू सोलेनॉइडकडे." अशी वाक्ये मी संध्याकाळीमागून संध्याकाळी लिहिली. पुस्तिकेतल्या आकृतीत आणि प्रत्यक्ष गाडीत दोन ठिकाणी फरक निघाला. आधी कोणीतरी हात घातलेला असणार. ते दोन्ही फरक मला सापडले, तिला नाही, याचा अभिमान मी अजून बाळगून आहे आणि तिनेही तो मोठ्या मनाने मला बाळगू दिला आहे.

इंजिन चेनपुलीवर लटकून बाहेर आले, तेव्हा त्याचा लहान आकार बघून मी चकितच झालो. त्यातून इतका जोर निघतो यावर विश्वास बसेना. ते उघडायची पद्धतही निराळी आहे. लांबच लांब बोल्टांनी आवळलेली ती एक चवड असते. आधी ओतीव लोखंडाची एक तबकडी, मग रोटरचे कवच, पुन्हा तबकडी, पुन्हा कवच आणि शेवटी आणखी एक तबकडी. बोल्ट काढले की एकेक थर उचलता येतो. मागच्या कवचाच्या आतल्या चकचकीत भिंतीवर नख ओढल्यासारखी एक खोल चरी पडलेली होती. ती चरी पाहून बायकोने मला एक जुनी हकीकत सांगितली. जर्मन अभियंते फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेवरचे हे इंजिन विक्रीयोग्य करायचे काम माझदाने साठीच्या दशकात केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखालच्या ४७ अभियंत्यांवर सोपवले होते. चाचणीच्या इंजिनांत सील थरथरत आणि कवचाच्या भिंतीवर ओरखड्यांच्या रांगा उमटत. त्या ओरखड्यांना ते अभियंते 'सैतानाची नखे' म्हणत. कार्बनचे, ॲल्युमिनियम मुरवलेले सील वापरून त्यांनी ती नखे थोपवली आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी रस्त्यावर आली. अशा हकिकती तिला ढिगाने पाठ आहेत. १९९१ च्या ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत माझदाची चार रोटरांची ७८७बी पहिली आली, ही कथा तर मी इतक्यांदा ऐकली आहे की शेवटच्या फेरीनंतर तिचे चालक जॉनी हर्बर्ट थकव्याने विजेत्यांच्या मंचावरही जाऊ शकले नाहीत, हे वाक्य आता तिच्याआधी मीच उच्चारतो. पूर्वी अशा वेळी मी मान डोलवत दुसराच विचार करत असे. आता आमच्यासमोर पालथ्या पडलेल्या कवचावर बोट फिरवताना ती हकीकत पहिल्यांदाच मनापासून ऐकली.

आता माझ्या हातून घडलेल्या प्रमादाबद्दल सांगायला हवे. तो वगळून पाठिंब्याविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

अपेक्स सीलांखेरीज प्रत्येक रोटरच्या दोन्ही अंगांना कमानदार अशा बारीक पट्ट्या असतात, त्यांना साइड सील म्हणतात. एका बाजूला तीन, म्हणजे एका रोटरला सहा आणि दोन रोटरांना मिळून बारा. नवे सील थोडे लांब येतात. प्रत्येक सील त्याच्या ठरलेल्या खाचेत धरून पाहायचे, टोक कानशीने किंचित घासायचे, पुन्हा धरायचे, फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची, पट्टी सरकवून फट मोजायची आणि ती ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरच्या दरम्यान आली की थांबायचे. साध्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते, म्हणजे सारा खेळ एका कागदाच्या जाडीचा. कमी घासले तर गरम झाल्यावर सील अडकेल आणि जास्त घासले तर दाब गळेल. शिवाय घासलेले परत वाढवता येत नाही. तिने हे काम तीन रात्रींत केले. श्वास रोखून दोन वेळा कानस फिरवायची, थांबायचे, पुसायचे, मोजायचे. प्रत्येक सील तिने रोटरच्या चित्रावर, त्याच्या त्याच्या जागी, कागदी चिकटपट्टीने डकवले होते. ते दोन कागद टेबलावर तसेच उघडे होते.

चौथ्या दिवशी तिला बाहेर जावे लागले आणि मी ठरवले की ती परत येईपर्यंत टेबल स्वच्छ करून ठेवावे. कागदांवर तेलाचे डाग होते, चिकटपट्टी सुटू लागली होती. मी बारा सील अलगद काढले, मऊ फडक्याने पुसले आणि झाकणाच्या एका सुंदर डबीत ठेवून दिले. वर लेबलही लावले, सुवाच्य अक्षरांत, 'साइड सील, नग १२'.

ती आली, तिने डबी उघडली आणि पुष्कळ वेळ काहीच बोलली नाही. मला चूक कळायलाही थोडा वेळ लागला, कारण माझ्या डोळ्यांना ते बारा सील अगदी सारखे दिसत होते. "अरे, लेबलं तू लावतोस ना!" एवढेच ती म्हणाली आणि अंगणात जाऊन बसली. त्या वेळी क्षमा मागणे सोपे होते आणि ती मी मागितलीही. पण क्षमा मागितल्याने सील आपापल्या खाचेत जात नाहीत. रात्री जेवण झाल्यावर तिने दिवा लावला आणि मला समोर बसवले. प्रत्येक सील प्रत्येक खाचेत धरून पाहायचे, फट मोजायची आणि आकडा मी वहीत लिहायचा. बारा सील, बारा खाचा, एकशे चव्वेचाळीस आकडे. ते कोष्टक मी शुद्ध, स्वच्छ अक्षरांत तयार केले आणि त्यावरून आम्ही जोड्या लावल्या. दहा सील ठरलेल्या मर्यादेत बसले. दोन कुठेच धड बसेनात, ते नव्याने मागवून पुन्हा घासावे लागले. रागावलेल्या माणसासमोर बसून त्याचेच काम करत राहणे किती कठीण असते आणि तरीही पळून जाण्यापेक्षा किती सोपे असते, हे मला त्या कोष्टकाने शिकवले. शेवटच्या ओळीपर्यंत येता येता ती हसू लागली होती. त्या दिवसानंतर टेबलावरची वस्तू मी विचारल्याशिवाय हलवलेली नाही, मग ती कितीही घाणेरडी दिसो.

माझ्या देहाचा उपयोग झाल्याचा एकच प्रसंग सांगतो. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागचे जड चाक, ज्या नटाने आवळलेले असते तो ५४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ तळहाताएवढा, आणि तो घट्ट करायला लागणारा जोर साध्या पान्याच्या आवाक्यातला नाही. काढताना तिने पान्याच्या दांड्यात माणसाच्या उंचीचा लोखंडी पाइप घातला, मला पाइपाच्या टोकाशी उभे केले आणि म्हणाली, "आता फक्त लटक." मी लटकलो. काही झाले नाही. मी किंचित उसळलो आणि कडाक्कन आवाज होऊन मी, पाइप आणि माझी प्रतिष्ठा असे तिघेही जमिनीवर आलो. नट सुटला होता. "वजन कमी करायचं म्हणत होतास ना? दोन महिने थांब, परत बसवायचाय," ती म्हणाली.

एक नियम मात्र मी माझ्या बाजूने घातला आणि त्यावर अडून बसलो. ती गाडीखाली असेल तेव्हा गाडी नुसत्या जॅकवर असता कामा नये, खाली भक्कम स्टँड हवेत आणि मी हाकेच्या अंतरावर हवा. याबाबत मी चेष्टा ऐकून घेतली, घाई ऐकून घेतली, पण माघार घेतली नाही.

बाहेरच्या जगाशी वागताना पाठिंब्याचा आणखी एक प्रकार करावा लागला आणि तो मला सर्वांत उशिरा उमगला. सुट्या भागांसाठी ती फोन करायची तेव्हा पलीकडचा माणूस बऱ्याचदा "साहेबांना द्या" म्हणायचा. पहिल्या वेळी मी फोन घेतला आणि तिने मागून सांगितलेली वाक्ये पोपटासारखी म्हटली. काम झाले, पण तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या वेळी मी फोन घेतला, "साहेब त्याच आहेत, मी लेबलं लावतो," असे म्हणून परत तिच्या हाती दिला. घरी येणारे पाहुणेही गाडीविषयीचे प्रश्न मला विचारत आणि उत्तर येत असूनही ते तिच्याकडे वळवायची सवय मी लावून घेतली. ज्ञान दाखवण्याचा मोह आवरणे मुद्रितशोधकाला जड जाते.

बांधणीच्या दिवसांत माझे काम वाचण्याचे होते. पुस्तिकेतली एक पायरी मी मोठ्याने वाचायची, तिने ती करायची, करून झाल्यावर आकडा मला सांगायचा आणि मी खूण करायची. ती सांगेपर्यंत पुढची पायरी वाचायची नाही. सीलांच्या खाचांत तिने व्हॅसलीन भरले होते. रोटर उलटा करून बसवताना सील आणि त्यांच्याखालच्या इवल्या स्प्रिंगा गळून पडू नयेत म्हणून तसे करतात. तासन्‌तास "झालं", "झालं", "पुढं" एवढेच शब्द आमच्यात होत होते. लग्नानंतर इतकी एकाग्र संभाषणे आमच्यात क्वचितच झाली असतील. "छान चाललंय" असे मी पहिल्या दिवशी दोनदा म्हणालो, तेव्हा तिने मान वर न करता विचारले, "तुला कसं कळलं?" त्यानंतर मी स्तुती बंद केली आणि आकडे नीट ऐकू लागलो. एकदा तिने सांगितलेला टॉर्कचा, म्हणजे बोल्ट आवळण्याच्या जोराचा, आकडा मला आधीच्या रांगेशी विसंगत वाटला, मी थांबवले आणि एक बोल्ट खरोखरच राहून गेलेला निघाला. तिने तो आवळला आणि माझ्या खांद्यावर तेलकट हात ठेवला. शर्टावरचा तो डाग अजून आहे.

इंजिन गाडीत बसले, नळ्या माझ्या झेंड्यांनुसार जागेवर गेल्या, तेल आणि कूलंट भरले गेले. पुन्हा एकदा मी चावीशी बसलो, प्लग काढलेले होते आणि तिने हात वर केला. पुढचा रोटर, तीन फुसकारे. मागचा रोटर, तीन फुसकारे. तिने माझ्याकडून ते तीन-तीनदा मोजून घेतले. मग प्लग लावून, पेट्रोल जोडून खरी चावी फिरवली. इंजिन दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा पेटले आणि मागून पांढऱ्या धुराचा एवढा लोट उठला की मी घाबरून चावी बंद करायला निघालो. "राहू दे, राहू दे!" ती धुरातून ओरडत होती. "व्हॅसलीन जळतंय!" धूर विरायला बराच वेळ लागला. तो विरला तेव्हा ती गाडीच्या मागे कमरेवर हात ठेवून उभी होती, डोळे लाल होते, आणि ते धुराने झाले की कशाने, हे मी विचारले नाही.

सध्या गाडी रुळवणे चालू आहे. पहिले १,५०० किलोमीटर ४,००० फेऱ्यांच्या वर जायचे नाही असे तिने ठरवले आहे, म्हणजे दुसरा टर्बो अजून जागाच झालेला नाही. दर रविवारी सकाळी आम्ही निघतो, ती चालवते आणि मी त्याच वहीत किलोमीटर, तेलाची पातळी आणि पाण्याचे तापमान लिहितो. हे इंजिन सील वंगणासाठी थोडे तेल मुद्दामच जाळते, म्हणून तेलाचा रकाना मी ठळक अक्षरांत केला आहे. काल एक ट्रक आम्हाला सावकाश मागे टाकून गेला आणि त्याच्या चालकाने खिडकीतून आमच्याकडे जरा कीव केल्यासारखे पाहिले. तिचा उजवा पाय थरथरला, हे मला दिसले. मी वहीत पाहिले आणि म्हणालो, "अजून ३१२ किलोमीटर."